मासे सोडण्याआधी डोह राखा

‘आमच्या नदीत पूर्वी भरपूर मासे होते, आता दिसत नाहीत. मत्स्यबीज कुठे मिळेल, किती सोडावे?’ मार्च लागला की अशा मजकुराची पत्रे येऊ लागतात. लिहिणाऱ्यांत तरुण मंडळांचे कार्यकर्ते असतात, सरपंच असतात, निवृत्त शिक्षक असतात. वर्गणी जमलेली असते, कार्यक्रमाची तारीखही ठरलेली असते. काही पत्रे घाबरून लिहिलेली असतात: सकाळी नदीवर गेलो तर मासे तरंगत होते, आता कोणाला कळवायचे? आणि काहींचा प्रश्न हक्काचा असतो: आमच्या डोहातली मासेमारी आम्हाला थांबवता येते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते आणि तेही चांगल्या मनाने. वाहत्या नदीत मासे सोडू नका. नदीतले मासे कमी झाले ते बीज संपले म्हणून नव्हे. त्यांची राहायची, अंडी घालायची आणि पावसाळ्यात वर चढायची जागा गेली म्हणून. ती जागा परत मिळाली तर वरच्या ओढ्यांतून आणि उपनद्यांतून मासे आपण होऊन येतात. ती नसेल, तर सोडलेली बोटुकली पहिल्याच मे महिन्यात तळ दिसू लागलेल्या पाण्यात मरतात.

आधी नदी पाहून घ्या

आपल्या गावाच्या हद्दीतला एक किलोमीटर निवडा. डिसेंबर-जानेवारीत पाणी निवळ असते तेव्हा एकदा आणि मेच्या मध्यावर, पाणी सर्वांत कमी असते तेव्हा एकदा, असा तो पायी चाला. सोबत वही, मोबाईल आणि एखादा जुना भोई किंवा मासे मारणारा माणूस असू द्या. नोंद तीनच गोष्टींची करा:

- डोह: किती आहेत, मेमध्ये त्यांतल्या कितींत पाणी टिकते, सर्वांत खोल जागी किती पुरुष किंवा किती हात पाणी असते.
- खळाळ: दगडगोट्यांवरून पाणी आवाज करत धावते अशा जागा. पाण्यात हवा मिसळते ती इथे, आणि अनेक मासे अंडी घालतात तेही इथल्या गोट्यांत आणि भरड वाळूत.
- काठ: करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज आणि पात्रातली शेरणीची झुडपे आहेत की काठ बोडका झाला आहे.

खळाळात गुडघाभर पाण्यात उभे राहा आणि नारळाएवढा एखादा दगड हलकेच उचलून उलटा करा. नदी जिवंत असेल तर त्याच्या खालच्या अंगाला बारीक वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळकांड्या दिसतील. त्यांत किड्यांच्या अळ्या राहतात. चपटे, तीन शेपट्यांचे किडे दगडावरून झरझर सरकतील. दगड उचलला त्या जागी पाणी क्षणभर गढूळ होते. ते निवळता निवळता अंगावर पट्टे असलेला, करंगळीएवढा एखादा मासा शेजारच्या दगडाखाली शिरताना दिसतो. त्याचे सगळे आयुष्य अशा दोन-चार दगडांच्या फटीत जाते. दगड होता तसा, त्याच बाजूने परत ठेवा. उलट दगडाच्या खाली काळा, वास मारणारा गाळ माखलेला असेल आणि लाल, दोऱ्यासारख्या अळ्यांखेरीज काही नसेल, तर वरून सांडपाणी येते आहे. तिथे काम सांडपाण्यापासून सुरू करावे लागेल.

माशांची नावे स्थानिकच लिहा. मरळ, वाम, शिवडा ही नावे बरीच दूरवर चालतात, पण लहान माशांची नावे तालुक्यागणिक बदलतात आणि एकच नाव दोन ठिकाणी वेगळ्या माशाला असते. म्हणून नावासोबत फोटो हवाच: मासा ओल्या हातावर आडवा, पर दिसतील असा, शेजारी पट्टी किंवा नाणे, आणि लगेच पाण्यात परत. ओळख पटत नसेल तर जवळच्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग गाठा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथेही विचारता येते. नमुने मारून बाटल्यांत भरू नका. त्याची गरज आणि परवानगी संशोधकांनी ठरवायची असते.

‘मग मत्स्यबीज सोडायचेच नाही का?’

शेततळ्यात, गावतळ्यात आणि मच्छीमार संस्थेच्या ठेक्यातल्या जलाशयात सोडण्याचे नियम वेगळे आहेत आणि त्यावर अनेकांची पोटे आहेत. इथे बोलतो आहे ते वाहत्या नदीबद्दल.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. तिलापिया, ज्याला अनेक ठिकाणी चिलापी म्हणतात, तो आफ्रिकेतला. उजनीच्या पाण्यात चिलापी इतका माजला आहे की जाळ्यात प्रामुख्याने तोच येतो. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरात तळी फुटली की नदीत येतो. घरच्या काचेच्या पेटीतला सकर मासा मोठा झाला म्हणून नदीत सोडणारेही भेटतात. कृपया तसे करू नका. दुकानदाराला परत द्या.

‘आम्ही देशी मासाच सोडणार, महासीर’ असे सांगणाऱ्यांनी कावेरीत काय झाले ते लक्षात घ्यावे. आपल्या दख्खनचा महासीर, म्हणजे खडशी, १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी शास्त्रात नोंदवला तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून. धरणांनी त्याच्या वाटा अडवल्यावर लोणावळ्याच्या एका मत्स्यपैदास केंद्रात त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण १९७०च्या दशकापासून हे मासे दक्षिणेत कावेरीतही सोडले गेले. कावेरीचा स्वतःचा पाठीवर कुबड असलेला महासीर होता, पन्नास किलोंच्या वर जाणारा. नंतरच्या काळात गळाला लागणाऱ्या माशांत आपला खडशी वाढत गेला आणि हा कुबडवाला घटत गेला. २०१८ मध्ये त्या मूळ माशाची नोंद जगाच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग यांचाही त्यात वाटा आहे, पण बाहेरून आणलेल्या भाऊबंदाचा वाटा संशोधकांनी स्पष्ट सांगितला आहे. एका खोऱ्यातला देशी मासा दुसऱ्या खोऱ्यात परकाच असतो.

हे मी दुरून सांगत नाही. वीस वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी एका ओढ्याच्या डोहात पिशव्या भरभरून बोटुकली सोडली होती. फोटो काढले, नारळ फोडला. पुढच्या हिवाळ्यात त्या डोहात दगडाखालचे बारीक मासे शोधून सापडेनात. काठावरच्या एका आजींनी विचारले, ‘पोरांनो, खवल्या कुठं गेल्या रं?’ त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून सोडण्याच्या कार्यक्रमाला मी जात नाही.

चढणीच्या माशांसाठी चार गोष्टी

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढे वाहू लागले की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. कोकणात याला वलगण म्हणतात. त्या दोन-तीन रात्री बत्ती घेऊन पऱ्यावर जाण्याची मजा ज्याने घेतली आहे त्याला ती सोडा असे सांगणे जड जाते, आणि पूर्ण सोडा असे मी सांगतही नाही. मात्र वर्षाची सगळी पैदास त्याच काही दिवसांत ठरते. म्हणून:

- ओढा या काठापासून त्या काठापर्यंत अडवू नका. पात्राचा निदान निम्मा भाग मोकळा ठेवा.
- बारीक आसाचे जाळे आणि मच्छरदाणीचे कापड वापरू नका.
- पोट फुगलेली मादी हाताला लागली तर वरच्या बाजूला सोडा.
- चढणीच्या पहिल्या दोन रात्री सोडून मग मासे मारायचे, असा ठराव गावाने करावा. कायद्याची वाट पाहायला नको.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तोच नियम नदीलाही लागतो असे अनेकांना वाटते. ती बंदी समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी आहे. आपल्या नदीला किंवा जलाशयाला काय नियम आहे ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे लेखी विचारा.

माशांची वाट अडवणारी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे. पावसाळ्यापूर्वी त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे असतात. ते वेळेवर निघाले नाहीत तर मासे बंधाऱ्याखाली येऊन थडकतात, आणि मग तिथे जाळे लावून बसलेल्यांची चंगळ होते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाटबंधारे शाखेला किंवा पाणीवापर संस्थेला पत्र द्या: बरगे कोणत्या तारखेला काढणार, हे विचारणारे. पोच घ्या.

मासे मेलेले दिसले तर

पहिले दोन तास महत्त्वाचे. दुपारपर्यंत पाणी पुढे गेलेले असते आणि पुरावाही त्याबरोबर गेलेला असतो.

१. फोटो आणि व्हिडिओ काढा, ठिकाण आणि वेळ नोंदवणारी सोय मोबाईलमध्ये चालू ठेवून. पाण्याचा रंग, फेस, काठावरची खूण हे सगळे घ्या.
२. वरच्या दिशेने चालत जा. मेलेले मासे जिथून सुरू होतात ती जागा शोधा. त्याच्या थोडे वर काय मिळते आहे: नाला, पाइप, टँकरची चाकोरी?
३. काय मेले ते बघा. यातून बरेच कळते.
   - पहाटे मोठे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर पाण्यातला प्राणवायू संपला आहे. पहाटे तो सर्वांत कमी असतो.
   - मरळ हवेतून श्वास घेते, ती अशा वेळी तगून राहते. मरळीसकट खेकडे आणि झिंगेही मेले असतील तर विषाचा संशय घ्या.
   - थोड्याच अंतरात मासे मेले आहेत आणि त्यांचे कणे मोडलेले किंवा पोटातले फुगे फाटलेले आहेत, असे असेल तर सुरुंग किंवा विजेचा धक्का.
४. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला फोन करा आणि त्याच वेळी ईमेलही करा. अधिकाऱ्याने येऊन पाण्याचा नमुना घ्यावा, असे त्यात स्पष्ट लिहा.
५. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडून, पंचनामा करून घ्या. पंच म्हणून सही करण्याआधी वाचा.
६. हे मासे खाऊ नका, विकू देऊ नका. जनावरांना त्या पाण्यावर नेऊ नका.

तुम्ही स्वतः बाटलीत भरलेले पाणी माहितीसाठी उपयोगी आहे, पण मंडळाच्या अधिकृत नमुन्याची जागा ते घेत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, आणि सामू ६.५ ते ८.५ हवा. अहवाल हातात आला की आधी हे दोन आकडे बघा.

अहवाल मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून नेमके मागा: अमुक तारखेच्या नमुन्याचा प्रयोगशाळा अहवाल आणि त्यावर केलेल्या कारवाईची प्रत. एका साखरपट्ट्यातल्या गावात आम्ही तीन पानी अर्ज केला होता. नदीचा इतिहास, आमची तळमळ, सगळे त्यात होते. तो फेटाळला गेला आणि दोन महिने हातचे गेले. दुसरा अर्ज चार ओळींचा होता, त्याला उत्तर आले.

एवढे करूनही हालचाल नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. इथे अनेकजण मुदतीत अडकतात: दाद मागण्यासाठी घटनेपासून ६ महिने, नुकसानभरपाईसाठी ५ वर्षे. मासे मेल्याने मच्छीमारांचे उत्पन्न बुडाले असेल तर त्यांनी विक्रीच्या पावत्या, संस्थेच्या वहीतल्या नोंदी जपाव्यात. भरपाईचा दावा त्यावर उभा राहतो.

विष, सुरुंग आणि आकडा

पूर्वी गेळाची फळे ठेचून माशांना गुंगी आणत. आज त्या जागी कीटकनाशकाची बाटली किंवा ब्लिचिंग पावडर आली आहे, आणि ती डोहातले पिलापासून सगळे संपवते. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे देशात १८९७च्या कायद्यापासून गुन्हा आहे, शिवाय राज्याचा १९६०चा मत्स्यव्यवसाय कायदा आहे. तारेवर आकडा टाकून नदीत वीज सोडणाऱ्यांमुळे दरवर्षी माणसे मरतात. असे काही दिसले तर एकट्याने अडवायला जाऊ नका. ११२ वर कळवा, आकडा असेल तर महावितरणलाही. त्यानंतर सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांना लेखी द्या.

पोकलेन येण्याआधी

नदी खोलीकरणाबद्दल आपण स्पष्ट बोलायला हवे. गाळ काढणे आणि नदीचे पात्र सरळ कालव्यासारखे खरवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात डोह आणि खळाळ दोन्ही जातात, गोटे उचलले जातात, काठची झाडे पडतात आणि मागे सपाट तळाचा चर उरतो. पाणी साठलेले दिसते म्हणून गाव खूश असते. मासा मात्र तिथे अंडी घालू शकत नाही.

काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत हे विचारा आणि इतिवृत्तात लिहायला लावा:

- कामाचा आराखडा आणि मंजुरी कोणत्या विभागाची? प्रत ग्रामपंचायतीत लावा.
- किती खोल खणणार? गाळ काढून मूळ तळ लागला की थांबणार का?
- आम्ही नोंदवलेले डोह आणि खळाळ वगळणार का? (इथे तुमची वही कामाला येते.)
- निघालेली वाळू कुठे जाणार? वाळूचा विषय तहसीलदारांचा आहे. ‘गाळ’ म्हणून वाळू जात असेल तर वाहनाच्या क्रमांकासह त्यांना कळवा.

डोह राखायचा कसा?

आपल्याकडे याची जुनी रीत आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे; देवाचे मासे म्हणून तिथले महासीर कोणी मारत नाही. तिथे गेलात तर एक विनंती: पाव, कुरमुरे, पिठाचे गोळे ढिगाने टाकू नका. न खाल्लेले तळाशी कुजते आणि प्राणवायू खाते. निर्माल्य आणि साबणही नको.

नवा डोह राखीव करायचा असेल तर मार्ग असे आहेत:

- ग्रामसभेचा ठराव. सर्वांत सोपा. कायद्याने दंड करायची ताकद त्यात कमी, पण गाव एकत्र असेल तर सर्वांत जास्त चालणारा. भोई, आदिवासी, ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांना पहिल्या बैठकीला बोलवा. त्यांना न विचारता केलेला ठराव अन्यायाचा असतो आणि टिकतही नाही.
- जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत ती असायला हवी. अनेक ठिकाणी ती फक्त कागदावर आहे. लोकजैवविविधता नोंदवहीत तुमचे डोह आणि मासे घालायचा आग्रह धरा.
- जैवविविधता वारसा स्थळ. याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार घोषित करते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या मंदिरापाशी २०२० मध्ये एक इवलासा सोनेरी मासा शास्त्राला नव्याने सापडला. २०२१ मध्ये तिथली २.११ हेक्टर जागा त्याच्यासाठी वारसा स्थळ झाली. प्रस्ताव स्थानिक संस्थेकडून, राज्य जैवविविधता मंडळाच्या नागपूर कार्यालयामार्फत जातो.
- वनहक्क कायदा, २००६. वनक्षेत्रातल्या गावांसाठी. पाण्यातले मासे हा सामूहिक हक्क म्हणून कलम ३ मध्ये आहे, आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला कलम ५ देते. सामूहिक दावा करताना नदी, नाले, तळी हे शब्द विसरू नका.

मच्छीमार संस्थेचा ठेका असलेल्या पाण्यात गावाला एकतर्फी बंदी घालता येत नाही. संस्थेशी बोलून एक कोपरा राखीव ठेवता येतो. भंडारा-गोंदियाकडे ढिवर समाजाच्या लोकांनी मामा (माजी मालगुजारी) तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावून देशी मासे परत आणले आहेत. तिथे पुढाकार मासे मारणाऱ्यांचाच होता.

राखीव डोहासाठी पहिली खूण खडकावर करा. एप्रिलमध्ये डोहातल्या मोठ्या खडकावर, उरलेल्या पाण्याच्या पातळीच्या एक हात खाली, आडवी रेघ कोरा. पाणी त्या रेघेला टेकले की काठावरचे सगळे पंप बंद, हे पंपवाल्या शेतकऱ्यांच्या सह्यांनिशी आधीच ठरवा. फवारणीचे पंप धुवायची जागा नदीपासून दूर, बांधावर दाखवून द्या. रेघ कोरताना मासे मारणारा एकजण आणि मोटर असलेला एकजण, दोघे पाण्यात उतरलेले असू द्या.